तुमचे वडील आणि आमचा ‘तो’

बाई,

तुमच्या दफनानंतर चौथ्या दिवशी पुण्याहून तुमच्या वडिलांच्या मराठी पुस्तकाची प्रुफं आली. पडद्यावर वाचवेनात, म्हणून लायब्ररीत छापून घेतली आणि पिशवीत घालून घरी आणली. पहिलं वाक्य असं आहे: ‘थॅडियस पूल अकरा वर्षांचा असताना केंटकीतल्या एका तंबूत पहिल्यांदा नाचायला उभा राहिला.’

उभा राहिला. उभे राहिले, असं नाही. गेले सात महिने आपण दोघी एवढ्याच गोष्टीवरून वाद घालत होतो आणि वाद अर्धा ठेवून तुम्ही गेलात. छापणाऱ्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं आहे.

चर्चमध्ये लोक तुमच्याविषयी चांगलं बोलले. विंडसरच्या शाळेत किती वर्षं शिकवलंत, किती मुलांना वाचायला लावलंत, कॉयरमध्ये कुठल्या रांगेत उभ्या असायचा. तुमच्या वडिलांचं नाव एकदाच आलं, जुन्या काळी स्टेजवर कामं करत असत, एवढंच. मला उठून काही सांगावंसं वाटलं. पण मी उठणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आपली पहिली भेट आठवली की अजून माझे कान गरम होतात. मी लायब्ररीत चौकशीच्या टेबलावर नवीन होते. तुम्ही आलात, हातमोजे काढून एकात एक घातलेत आणि जुन्या वर्तमानपत्रांची फिल्म कुठे बघायला मिळेल, असं विचारलंत. एवढ्या वयाच्या बाई उभ्या आहेत हे मला बघवेना. मी खुर्ची पुढे केली आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "बसा ना, आंटी."

तुम्ही बसला नाहीत.

"कोणाची?"

मला कळलं नाही.

"कोणाची आंटी? तुझ्या आईची मी बहीण, की वडिलांची?"

मला वाटलं, थट्टा. मी हसत हसत समजावलं की आमच्यात मोठ्यांना नावानं हाक मारणं म्हणजे अपमान. म्हणून आम्ही काका, मावशी, अंकल, आंटी, असं काहीतरी नातं जोडून टाकतो. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "माझ्या आजीला सगळं गाव आंटी म्हणायचं. कारण तिला मिसेस म्हणायची कुणाची तयारी नव्हती. माझ्या वडिलांना पोस्टरवर ‘अंकल थॅड’ म्हणत. तेव्हा त्यांचं वय चोवीस होतं." आणि खुर्ची स्वतः ओढून बसलात. "माझं नाव मिस पूल. आता ती फिल्म."

आम्ही ज्या शब्दानं मान देतो, त्याच शब्दानं गोऱ्या लोकांनी तुमच्या घरातल्या दोन पिढ्यांचा मान काढून घेतला होता. इथे इतकी वर्षं राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळेच शेजारच्या, दुकानातल्या, बसमधल्या बायकांना आनंदानं आंटी म्हणत फिरत होतो.

‘मिस पूल’ मात्र माझ्या तोंडात बसेना. दोनेक महिन्यांनी मला माझा शब्द सापडला. आमच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणत. तुम्ही आत आलात तशी मी म्हणाले, "बाई, या."

"आल्याआल्या बाय? मी अजून कोटसुद्धा काढला नाही."

मी अर्थ सांगितला. तुम्ही शब्द दोनदा म्हणून पाहिलात. "ह्यात मिसेस येतं का?"

"येतं. थोडी भीतीपण येते."

"भीती राहू दे," तुम्ही म्हणालात.

तुम्ही इंग्रजीत बोलायचात आणि मी मनात ते मराठीत घ्यायची. त्या मराठीत तुम्ही मला ‘तू’ म्हणता, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. तुमच्या आडनावाचा आमच्या भाषेतला अर्थ सांगितला तेव्हा तुम्ही खिडकीतून सरहद्दीपलीकडे डेट्रॉइटला जाणाऱ्या पुलाकडे बघत म्हणालात, "बरोबर आहे. दोन्ही टोकांना चौकशी करणारे."

मग त्या हिवाळ्यात तुम्ही मला वही दाखवलीत. निळ्या रेघांची, शाळेची. तुम्ही बारा वर्षांच्या असताना वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, ‘मी’ न म्हणता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं स्वतःविषयी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलं. तुमच्या जन्माच्या वेळी त्यांची पन्नाशी उलटली होती. तंबू, रेल्वे, डेट्रॉइटची थिएटरं मागे टाकून, नदी ओलांडून ते इकडे आले होते आणि एका हॉटेलात पाहुण्यांचं सामान उचलत होते. इकडेही सगळी दारं उघडी नव्हती, पण एवढी तरी होती, असं ते म्हणत. ती वही घेऊन तुम्ही इंग्रजी प्रकाशकांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिलीत. उत्तरं सभ्य येत. मग मी त्यातली आठ पानं मराठीत आणून आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दिली आणि पुण्याच्या एका प्रकाशकांचा फोन आला. सगळंच करा म्हणाले.

"म्हणजे माझ्या वडिलांचं जगात एकच पुस्तक निघणार," तुम्ही म्हणालात, "आणि तेच मला वाचता येणार नाही."

हसलात. पण नंतर बराच वेळ वहीवर हात ठेवून बसून राहिलात.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांची कला कळलीच नव्हती. वहीत वाळूवरच्या नाचाचं वर्णन आहे. स्टेजवर मूठभर वाळू पसरायची आणि बुटांच्या तळव्यांनी तिच्यातून आवाज काढायचा. मी लिहिलं होतं, ‘पाय घासत नाचे.’ त्याचा अर्थ तुम्हाला इंग्रजीत सांगितला.

"घासत? भांडी आहेत का ती?"

तुम्ही उठलात. दाराशी बर्फावर टाकायच्या मिठाची बादली होती. तिच्यातलं मूठभर मीठ आणून स्वयंपाकघराच्या फरशीवर शिंपडलंत, ओट्याला एका हातानं धरलंत आणि सपाता घातलेले पाय हलवायला लागलात. तेवढ्यात तुमच्या बेसमेंटमध्ये राहणारी स्नेहल कॉलेजातून आली. नाशिकची पोर, तोंडानं फटकळ, तुमच्या पाठीमागे तुम्हाला आजी म्हणणारी.

"मिस पूल, नो! प्लीज!" मग माझ्याकडे वळून, "काकू, तुम्ही बघत काय बसलाय? हिप गेलं ना, आजी संपल्या!"

"काय म्हणते ती?" तुम्ही न थांबता विचारलंत.

"तुम्ही पडाल म्हणते."

"तिला सांग, थॅडियस पूलची मुलगी पडते तेव्हा ठरवून पडते."

मग स्नेहलही ऐकायला लागली, कारण आवाज यायला लागला होता. आधी कुणीतरी लांब अंगण झाडतंय तसा. मग तुम्ही टाच टेकवलीत आणि त्याच आवाजातून आगगाडी सुटली, वेग घेतला, लोखंडी पुलावर चढली, उतरली. तुमचं वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी होतं. "हे काहीच नाही," तुम्ही धापा टाकत म्हणालात. "त्यांच्या गाडीत कुठल्या डब्यात कोण बसलंय तेसुद्धा ऐकू यायचं." घरी गेल्यावर मी ‘घासत’ खोडलं. त्या जागी काय लिहावं हे ठरवायला मला तीन आठवडे लागले.

त्यांचा खुर्चीचा खेळही तुम्हीच मला शिकवलात. स्टेजवर एक रिकामी खुर्ची, मालकाची. नोकराला तिच्यावर नजर ठेवायला सांगून मालक गेलेला. तुमचे वडील एक शब्द न बोलता दहा मिनिटं त्या खुर्चीभोवती फिरत. बसू की नको. बसायला जात आणि आपटत. चेहऱ्याला जळलेल्या बुचाची काजळी फासलेली, कारण काळ्या माणसालाही काळं रंगवल्याशिवाय स्टेजवर सोडत नसत. आपटले की खाली बसलेली गोरी मंडळी हसून लोळायची. पण त्याआधी ते फडक्यानं खुर्ची पुसत आणि फडकं हळूच खालच्या मंडळींच्या दिशेनं झटकत. तेव्हा वरचा सज्जा हसायचा. सज्ज्यात काळे लोक बसत. खालच्यांना वाटायचं, वरच्यांना काही कळत नाही, उगाच आधी हसतात.

"रोज वरचं हसू आधी आणायचं," तुम्ही म्हणालात. "दहा वर्षांत एकदाही चुकलं नाही."

मी मराठी नाटकं पुष्कळ वाचली आहेत. एवढ्या कमी सामानात एवढं मोठं काम केलेलं फार थोडं वाचलं आहे.

आणि अशा माणसाला मी पुस्तकभर ‘तो’ म्हटलं.

तुमच्याशी बोलताना मी ‘ते’च म्हणत होते, कारण ते तुमचे वडील. पण पुस्तकातल्या थॅडियसविषयी लिहिताना हात आपोआप ‘तो’कडे गेला. इंग्रजीत हा प्रश्नच नाही, म्हणून तुम्हाला कधी कळलं नसतं. तुम्ही एकदा स्नेहलला पहिलं पान वाचून त्याचा अर्थ सांगायला सांगितलंत. तिचा मला फोन आला.

"काकू, सॉरी हां. मी फक्त मीनिंग सांगितलं. त्यांनी विचारलं, मिस्टर कुठे आहे, तर मी म्हटलं, मराठीत मिस्टर वेगळा नसतो, व्हर्बमध्येच असतो, आणि इथे तो नाहीये. आजी एकदम ऑफ झाल्यात. सूपपण नाही घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही चहासुद्धा विचारला नाहीत.

"तुमच्या क्रियापदात मिस्टर असतो?"

"असतो, बाई."

"आणि तू तो काढलास."

"काढला नाही. घातला नाही."

"पोस्टर छापणारे हेच सांगायचे."

मी माझी बाजू मांडली. पुढे सात महिने तीच मांडत राहिले. आमच्यात जो कलावंत फार आवडतो त्याला आम्ही एकेरीच म्हणतो. ती गायली, तो खेळला. जितकं जवळचं तितकं क्रियापद आखूड. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरातसुद्धा आईला ‘तू’ म्हणतात. देवालाही ‘तू’च म्हणतात.

"देवाला कधी थिएटरात मागच्या दारानं यावं लागलं नाही," तुम्ही म्हणालात.

आमच्याकडे देवाच्या दारातही कुणाकुणाला उभं राहू देत नव्हते, हे मी तेव्हा म्हणू शकले असते. म्हणाले नाही. उलट म्हणाले की ‘ते नाचले’ लिहिलं की एखादा मंत्री नाचल्यासारखं वाटतं.

"मंत्र्यांनी नाचून बघावं एकदा."

स्नेहल तुमच्या बाजूची. "काकू, शाळेच्या पुस्तकात मोठ्या माणसांना लहानपणीपण ‘ते’च असतं की. पाळण्यात असले तरी ‘ते’. मग ह्यांनाच काय झालं?" मी तिला म्हटलं, शाळेच्या पुस्तकातली माणसं म्हणूनच पुतळ्यासारखी वाटतात. ती म्हणाली, "आजींच्या फादरचा एकतरी पुतळा आहे का?"

तुमचं म्हणणं नुसतं हट्टाचं नव्हतं, हे मला बायबलमधली चिठ्ठी दाखवलीत तेव्हा समजलं. तुम्ही दुसरीत असताना तुमच्या शिक्षिकेनं घरी पाठवलेली. मुलगी वर्गात फार बोलते, अशी तक्रार. पण मजकूर सुरू होतो ‘डिअर मिस्टर पूल’पासून. कुणीतरी त्यांना कागदावर असं लिहिण्याची ती पहिली वेळ. त्यांनी तुम्हाला रागावायच्या ऐवजी ती पुन्हा वाचून दाखवायला लावली. सगळी नाही, पहिली ओळ. मग बायबलमध्ये ठेवली. तुम्ही शिक्षिका का झालात, हे मी विचारलं नाही.

तरीही मी माझं म्हणणं सोडलं नाही. माझंही काम होतं ते. मला भीती होती की ‘ते’ म्हटलं की त्यांच्या पायांचा आवाज बंद होईल. वाचणारा हात जोडून बसेल आणि हसणार नाही.

ह्यावर तुम्ही शेवटी जे बोललात ते हॉस्पिटलमध्ये. खिडकीबाहेर पार्किंगमधला बर्फ ढकलत होते. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात, मला वाटलं झोप लागली.

"त्या वहीत एक गडबड आहे," तुम्ही म्हणालात. "ते जसं बोलायचे तसं मी लिहिलं नाही. बारा वर्षांची होते. शाळेत शिकवलेलं व्याकरण घातलं. त्यांची तोडलेली वाक्यं सरळ केली. मग सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘हा माणूस कोण गं? छान बोलतो.’"

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत.

"मी मान दिला आणि त्यांचा आवाज गेला. तू आवाज ठेवतेस तर मान जातो. दोन्ही एकदम कसं जमवायचं, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"पाहते, बाई," मी म्हणाले.

‘पाहते’ म्हणजे आमच्यात काय, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आम्ही ‘पाहते’ म्हणतो. तुमच्याशी बोललेला तो माझा शेवटचा शब्द. त्याची मला लाज वाटते.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात लग्नाला हलगी वाजवायला एक म्हातारे येत. हलगी म्हणजे हातात धरायचं चामड्याचं वाद्य, दोन काड्यांनी वाजवतात. त्यांचा हात असा होता की वाढायला निघालेली माणसं पंगतीत ताट धरून उभी राहायची. माझ्या आजोबांच्या वयाचे. सगळं गाव त्यांना सख्या म्हणे. मी आठ वर्षांची होते, ओसरीवर उभी राहून ओरडायचे, "ए सख्या, वाजव की!" ते अंगणातून मान हलवून म्हणत, "व्हय, ताईसाब." ओसरीवर ते कधी आले नाहीत. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आम्हाला ते फार आवडतात, म्हणून तसं म्हणतो. आणि ते खोटं नव्हतं. आम्हाला ते खरंच आवडत होते.

त्यांची नात माझ्या वर्गात होती. लग्नाला त्यांच्याबरोबर यायची, कुंपणाशी उभी राहायची. मी ‘ए सख्या’ म्हटलं की ती माझ्याकडे बघायची नाही, पायाखाली बघायची. सखाराम हे त्यांचं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आडनाव अजून माहीत नाही.

सात महिने तुम्ही माझ्यासमोर बसून वाद घालत होतात आणि मला ती मुलगी दिसत होती. जवळचं तितकं आखूड, असं मी तुम्हाला सांगत होते. जवळ आम्ही होतो. ते किती जवळ होते, हे त्यांना कुणी विचारलं होतं? हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बहुधा चहा टाकला असतात आणि विचारलं असतंत, त्या मुलीचं नाव काय. मला ते आठवत नाही. म्हणूनच सांगायचं टाळत गेले.

ह्या आठवड्यात लाल पेन घेऊन बसले. एकट्या क्रियापदाचं काम नाही हे. ‘आला’चं ‘आले’, ‘हसला’चं ‘हसले’, ‘एकटा’चं ‘एकटे’, सगळं वाक्य नव्यानं उभं करावं लागतं. काही ठिकाणी मात्र फार सोपं आहे. ‘त्याचा’चं ‘त्यांचा’ करायला वर एक टिंब पुरतं. पानामागून पान मी टिंबं देत गेले. तंबूचा मालक त्यांना ‘ए पोरा’ म्हणतो ते तसंच ठेवलं, पोस्टरवरचं ‘अंकल थॅड’ही. ती त्या लोकांची भाषा. तिचा जबाब त्यांनी द्यावा. माझी वाक्यं मी बदलली. मोठ्यानं वाचून पाहिली. दोन ठिकाणी आवाज जरा लांब गेल्यासारखा वाटला, ते कबूल करते. वाळूवरच्या नाचात नाही गेला. खुर्चीच्या खेळात तर ‘ते आपटले’ म्हटल्यावर खाली बसलेल्यांचं हसू पहिल्यांदाच मला थोडं ओशाळवाणं ऐकू आलं.

काल पानं पाठवली. आज सकाळी पुण्याहून संपादकांचा फोन आला. भले गृहस्थ आहेत, पुस्तकावर त्यांचा जीव आहे.

"ताई, इतक्या उशिरा एवढे बदल? आणि सगळीकडे? तंबूतल्या अकरा वर्षांच्या मुलालाही ‘ते’?"

"हो. सगळीकडे."

"अहो, पण ‘ते नाचले’ कानाला खटकतं. वाचणारा प्रत्येक वेळी अडखळेल."

"खटकू द्या," मी म्हणाले.